पांडुरोग आणि लोहाची गोळी

गेल्या दिवाळीच्या आधीं पंधरा दिवस घरांतील डबे घासण्यास काढले, तेव्हां पोह्यांच्या मोठ्या डब्यामागें वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेलीं गोळ्यांचीं अकरा पाकिटें सांपडलीं. गोळ्या तांबड्या, सरकारी. आणि एकहि फोडलेली नव्हती. आमची सून बाळंत होऊन तेव्हां चार महिने झाले होते. बाळंतपणाच्या आधीं व नंतर आशाताई नेमानें येऊन या गोळ्या देऊन जात, आणि ‘घेतेस ना ग?’ या सासूच्या प्रश्नास ‘हो, घेतें’ असें उत्तर येई. तें उत्तर खोटें होतें हें त्या दिवशीं कळलें. खोटें कां बोलावें लागलें याचा शोध करितां करितां मला ज्या गोष्टी समजल्या, त्या या मासिकाच्या वाचकांपुढें, विशेषतः घरांतील वडील मंडळींपुढें, मांडाव्या असें वाटलें.

केशोरी हें आमचें गांव गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, रानाच्या कडेला आहे. पलीकडे गडचिरोलीची हद्द लागते. धान आणि मिरची हीं येथलीं पिकें. या भागांत शिक्षकी करून मी निवृत्त झालों. मॅट्रिकच्या पलीकडे माझें शिक्षण नाहीं. संस्कृत तेवढें वडिलांपाशीं बसून शिकलों. वैद्यकांत माझा अधिकार शून्य. सबब पुढें जें लिहिलें आहे तें डॉक्टरांस विचारून व ग्रंथ पाहून पारखून घेतलेलें आहे, इतकेंच सांगतों.

सुनेस मीं जवळ बसवून विचारलें. ती म्हणाली, “मामंजी, गोळी घेतली कीं पोटांत ढवळतें. दोन दोन दिवस शौचास होत नाहीं, आणि झालें तर काळें. मला वाटलें, पोटांत रक्तच जातें आहे. सकाळीं चहाबरोबर घ्यायची, तर दुपारपर्यंत वांति होईल असें वाटे. मग सोडल्या. सासूबाईंना सांगितलें असतें तर त्या म्हणाल्या असत्या, आम्ही नाहीं का घेतल्या?” शेवटच्या वाक्याचा प्रतिवाद करण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. तसें म्हटलें गेलेंच असतें.

वास्तविक लक्षणें डोळ्यांपुढें होतीं. माडीवर जातां मध्यें थांबून ती कठड्याचा आधार घेई. केस मुठीमुठीनें गळत. तांदूळ निवडावयास बसली कीं कच्चे तांदूळ तोंडांत टाकून चघळीत राही, आणि आम्ही त्यास चाळा म्हणून हंसत असूं. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ८.४ भरलें. गर्भवती नसलेल्या स्त्रीस तें निदान १२ असावें, गर्भवतीस ११, पुरुषास १३, असें जागतिक आरोग्य संघटनेचें माप आहे.

कच्च्या तांदुळांची गोष्ट डॉक्टरांनी मुद्दाम विचारली, आणि ती ऐकतांना मला चाळीस वर्षांपूर्वींचा एक वर्ग आठवला. नोकरीचीं पहिलीं वर्षें होतीं. तिसरींत एक मुलगी होती. पाटीवरची पेन्सिल लिहिण्यास कमी आणि खाण्यास जास्त वापरी. पेन्सिल संपली कीं भिंतीचा पोपडा. वर्गांत पेंगे, पाढे विसरे, खेळाच्या तासास सावलींत बसून राही. मीं तिला सर्वांदेखत चूळ भरावयास लावली आणि बांकावर उभी केली. मुलें हंसलीं. असें एकदां नव्हे, पुष्कळ वेळां झालें. पावसाळा संपल्यावर ती शाळेंत यावयाची राहिली, आणि मीं हजेरीपटावर नांवापुढें रेघ मारून तिला मंदबुद्धीच्या सदरांत टाकून दिली. लोह कमी पडलेल्या माणसास माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असे पदार्थ खाण्याची अनिवार इच्छा होते व लोह भरून आलें कीं ती आपोआप जाते, हें मला आतां वयाच्या पांसष्टाव्या वर्षीं कळलें.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. दोन-चार होतकरू मुलांस मी घरीं रघुवंश शिकवीत असें. तिसऱ्या सर्गाच्या आरंभीं सुदक्षिणा राणी गर्भवती आहे. अंगांत शीण असल्यामुळें तिनें अलंकार कमी केले आहेत, मुख पांढुरकें दिसत आहे, आणि तिच्या मुखास मातीचा वास येत आहे असें कालिदासानें वर्णिलें आहे. तेथील उपमेचें सौंदर्य मीं किती वर्षें मुलांस उलगडून दाखविलें! शीण, पांढुरकेपणा, मृत्तिकाभक्षण, हीं तिन्ही लक्षणें एकाच ठिकाणीं ओळीनें मांडलेलीं असतां, राणीच्या रक्तांत कांहीं न्यून असावें अशी शंका शिक्षकास कधीं आली नाहीं. आपण यास डोहाळे म्हणतों आणि कौतुकानें पुरवितों.

आपल्या वैद्यांस मात्र ही शंका फार पूर्वीं आली होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे, आणि त्यांत पांडूचे जे पांच प्रकार सांगितले आहेत त्यांतील पांचवा माती खाल्ल्यामुळें होणारा. आजचें शास्त्र हा संबंध बहुधा उलटा लावतें; म्हणजे रक्त कमी झालें म्हणून माती खाविशी वाटते, आणि ती खाल्ल्यानें अन्नांतील लोहहि नीट शोषलें जात नाहीं. तरी पांडुरोग आणि माती यांची गांठ वैद्यांनी पाहिली होती हें खरेंच. उपायांतहि त्यांनी लोह सांगितलें आहे. नवायस नांवाचा जो प्रसिद्ध योग आहे त्यांत सुंठ, मिरे, पिंपळी, त्रिफळा, नागरमोथा, वावडिंग व चित्रक अशीं नऊ औषधें आणि त्या सर्वांच्या बरोबरीनें लोहचूर्ण असतें. त्रिफळ्यांत आवळा आहे, आणि आंबट फळांतील क जीवनसत्त्वानें लोह शोषण्यास मदत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या योगाबद्दल आदर वाढतो. परंतु एवढ्यावरून बाजारांतील कोणतेंहि भस्म आणून सुनेस चाटवावें असा अर्थ कोणी काढूं नये. त्यांत लोह किती व दुसरें काय आहे हें मोजलेलें असेलच असें नाहीं, आणि अंगावर पिणारें मूल असतां असा जुगार खेळण्याचें कारण नाहीं.

युरोपांत सतराव्या शतकांत सिडनहॅम नांवाचा इंग्रज वैद्य लोखंडाचा कीस द्राक्षासवांत भिजवून फिकट पडलेल्या मुलींस देई. पुढें १८३२ मध्यें ब्लो नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें हिराकस व एक क्षार मिळवून गोळ्या केल्या, आणि त्या जगभर गेल्या. आजची सरकारी तांबडी गोळी त्यांचीच नात म्हणावी. तींतील मुख्य द्रव्य वाळविलेला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्यांतून शुद्ध लोह ६० मिलिग्रॅम मिळतें, आणि सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें.

हिराकस हें नांव ऐकतांच माझ्या डोक्यांत उजेड पडला. पूर्वीं हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. हिरड्यांतील तुरट द्रव्य लोहाशीं संयोग पावलें कीं काळा रंग उमटतो. तेंच तुरट द्रव्य चहांतहि आहे! मीं सुनेसमोर एक गोळी खलांत कुटली आणि बिनदुधाच्या चहाच्या पेल्यांत टाकून ढवळली. पाहतां पाहतां चहा काळवंडला. थोड्या वेळानें टांक बुडवून लिहितां येईल असा झाला. जें लोह चहाशीं असें बांधलें गेलें, तें आंतड्यांस फारसें उपयोगी पडत नाहीं. आपल्या घरांतून सकाळीं उठल्याबरोबर चहा, जेवणानंतर चहा, पाहुणा आला कीं चहा, आणि गोळी घ्यावयाची ती आठवण राहते म्हणून चहाबरोबरच! दूध आणि कॅल्शियमची गोळी यांचाहि लोहास अडथळा होतो. बाळंतिणीस दोन्ही गोळ्या एकाच वेळीं हातावर ठेवण्याची चूक आम्हीहि केली होती. चहाचें व गोळीचें अंतर निदान एक तास आणि कॅल्शियमचें दोन तास असावें.

आतां काळ्या शौचाविषयीं. न शोषलेलें लोह पोटांतून बाहेर जातें म्हणून रंग काळपट होतो. यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. डांबरासारखें चिकट व दुर्गंधियुक्त असेल तर मात्र डॉक्टरांस सांगावें. हें एक वाक्य गोळी देतांनाच कोणी सुनेस सांगितलें असतें, तर अकरा पाकिटें डब्यामागें गेलीं नसतीं असें मला वाटतें.

मळमळीवर उपाय काय? रिकाम्या पोटीं गोळी घेतल्यास लोह अधिक शोषलें जातें हें खरें; पण जी गोळी पोटांत ठरत नाहीं किंवा डब्यामागें जाते, तिचें शोषण शून्य. डॉक्टरांनी आमच्या सुनेस रात्रीं जेवणानंतर कांहीं वेळानें, लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि तीहि दिवसाआड घेण्यास सांगितलें. दिवसाआड म्हणजे अर्धाच डोस, मग गुण कसा यावा, असें मीं विचारलें. त्याचें उत्तर मनोरंजक आहे. आपल्या यकृतांतून हेप्सिडिन नांवाचें एक द्रव्य निघतें. तें आंतड्याच्या दारावर उभ्या असलेल्या द्वारपालासारखें काम करतें. मोठा डोस पोटांत गेला कीं द्वारपाल सावध होऊन सुमारें एक दिवस दार अर्धवट लोटून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशींच्या गोळींतील लोह कमी आंत येतें. झुरिक येथील संशोधकांनी लोहसांठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर प्रयोग करून २०१५ व २०१७ सालीं हें प्रसिद्ध केलें. तितक्याच गोळ्या रोज न घेतां दिवसाआड घेतल्या तर दर गोळीमागें अधिक लोह शोषलें जातें. काळ अर्थात् दुप्पट लागतो. मात्र त्या स्त्रिया गर्भवती नव्हत्या. गर्भारपणीं सरकारी नियम रोज एक गोळी १८० दिवस, आणि पुढें बाळंतपणानंतरहि तितकेच दिवस, असा आहे. रक्त कमी आढळल्यास दोन. तो नियम आपल्या मनानें कोणी बदलूं नये.

मला गणिताची खोड असल्यामुळें मीं एक हिशेब मांडला, तो येथें देतों. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीच्या अंगांत साधारण सव्वातीन लिटर रक्त. हिमोग्लोबिन १२ ऐवजीं ८ म्हणजे दर शंभर मिलिलिटरमागें ४ ग्रॅम तूट. एकंदर तूट १३० ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिनांत सुमारें ३.४ मिलिग्रॅम लोह असतें, तेव्हां लोहाची तूट साडेचारशें मिलिग्रॅमच्या आसपास झाली. शिवाय शरीराचें कोठार, ज्यांत तीन-चारशें मिलिग्रॅम तरी असावें, तें रिकामें. बेरीज आठशेंच्या घरांत. गोळींतील लोहापैकीं रोज सरासरी ६ मिलिग्रॅम आंत गेलें असें धरल्यास साडेचार महिने लागतात. आतां शाकाहारी जेवणांतून दिवसांत जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम लोह रक्तांत उतरतें, आणि तें रोजच्या झिजेंतच खर्ची पडतें. म्हणून पालेभाजी, खजूर, गूळ, लोखंडी कढई हे उपाय चांगले असले तरी आधींच रिकामें झालेलें कोठार त्यांनीं लौकर भरत नाहीं. आणि महिन्याभरांत तरतरी आली म्हणून गोळी सोडली तर रक्त सुधारतें पण कोठार तसेंच रिकामें राहतें. म्हणून हिमोग्लोबिन पुरें झाल्यावरहि सुमारें तीन महिने गोळी चालूं ठेवावयास सांगतात.

गोळी पुन्हां सुरू करण्याआधीं डॉक्टरांनी आणखी एक रक्ततपासणी सांगितली, ती सिकलसेलची. मी म्हणालों, “हा आजार आमच्यांत नसतो.” डॉक्टर म्हणाले, “मास्तर, पूर्व विदर्भांत रक्त कमी दिसलें कीं मी प्रत्येकाचें हें बघतों. नसतो असें म्हणणाऱ्यांचेंहि बघतों.” मी गप्प बसलों. या रोगांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते, तर या दहा-वीस दिवसांतच फुटतात. अशा रोग्याच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी असतें, पण फुटलेल्या पेशींतील लोह शरीरांतच राहतें, आणि रक्त चढविलें असेल तर त्यांत भर पडते. त्यास तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देत राहणें योग्य नव्हे. त्यालाहि कधीं लोह कमी पडूं शकतें, पण तें फेरिटिन नांवाची तपासणी करून ठरवावयाचें. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या आमच्या जिल्ह्यांत हा आजार पुष्कळ आहे, आणि २०२३ पासून केंद्र सरकारनें त्याच्या निर्मूलनाचें कार्य हातीं घेतलें आहे. सुनेची तपासणी निर्दोष निघाली. त्या निमित्तानें मीं माझ्या वर्गांतल्या किती मुलांच्या सांधेदुखीस कामचुकारपणा म्हटलें असेल, हा विचार मनांत येऊन रात्रीं झोंप लागली नाहीं.

रक्त कमी म्हणजे लोहच कमी असें नाहीं, याचा दुसरा धडा आपल्या मुंबईंतच जगास मिळाला आहे. १९२८ मध्यें ल्युसी विल्स नांवाच्या एक इंग्रज विदुषी मुंबईस आल्या व हाफकीन संस्थेंत काम करूं लागल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांस एक प्रकारचा भयंकर रक्तक्षय होई, आणि तो लोहानें हटत नसे. बाईंनी त्या स्त्रियांचा आहार तपासला, उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले, आणि अखेर यीस्टचा अर्क, म्हणजे विलायतेंत पावाला लावून खातात तें मार्माइट, देऊन तो बरा होतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांत नेमकें काय होतें तें पुढें कळलें. १९४१ मध्यें पालकाच्या पानांतून तेंच द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि लॅटिनमधील पान या अर्थाच्या शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. सरकारी गोळींतील दुसरें औषध तें हेंच. आपल्यासारख्या शाकाहारी घरांतून ब-१२ जीवनसत्त्वाचीहि उणीव आढळते. दूधदुभतें कमी झालें कीं ती वाढते. ती या गोळीनें भरत नाहीं.

आणि ज्याच्या रक्ताची गळतीच चालूं आहे त्यास नुसती गोळी पुरणार कशी? धानाच्या बांधींत रोवणीच्या वेळीं अनवाणी उभें राहिलें कीं आंकडेकृमि तळपायाच्या कातडींतून आंत शिरतात व आंतड्यास चिकटून रक्त पितात. म्हणून शाळांतून जंताची गोळी देतात ती चुकवूं नये. मासिक स्राव अति होत असेल तर तो सांगण्यास मुलींनी संकोच करूं नये. माझ्या वयाच्या पुरुषाचें रक्त कमी झालें तर टॉनिकाची बाटली आणण्यापेक्षां पोटांत कोठें व्रण, मूळव्याध किंवा त्याहून वाईट कांहीं नाहीं ना, हें आधीं पाहावें.

आपल्या देशांत या रोगाविरुद्ध सरकारी योजना १९७० पासून आहे, आणि २०१८ मध्यें ती अनीमिया मुक्त भारत या नांवानें नव्यानें मांडली गेली. लहान मुलांस पातळ औषध, प्राथमिक शाळेंत गुलाबी गोळी, मोठ्या मुलामुलींस आठवड्यास एक निळी, गर्भवतीस तांबडी, असे रंगसुद्धां ठरलेले आहेत. असें असूनहि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं देशांत शेंकडा ५७ व महाराष्ट्रांत शेंकडा ५४ जणी रक्तक्षयी आढळल्या. त्याच्या आधींच्या २०१५-१६ च्या पाहणींत महाराष्ट्राचा आंकडा ४८ होता. हा केवळ गरिबांचा प्रश्न आहे असें समजून आपण स्वस्थ राहूं नये. आमच्या घरीं धान्याची ददात कधींच नव्हती. परंतु पुरुषांचीं व मुलांचीं पानें उठल्यावर बायका बसत, तोंवर आमटी पातळ व भाजी तळाशीं गेलेली असे. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपास सुनेनें गर्भारपणींहि सोडले नाहींत, आणि साबुदाण्यांत लोह नाममात्र. या गोष्टी सासूसासऱ्यांनी आपण होऊन सोडविल्याशिवाय सून काय करणार? आमच्या घरीं आतां सर्वांचीं पानें एकदम मांडतात. पहिले कांहीं दिवस मलाच चमत्कारिक वाटलें.

एक सावधगिरी सांगावयाची राहिली. गोळ्या गोड वेष्टणाच्या व रंगीत असल्यामुळें लहान मूल त्या गोळ्या-बिस्किटांसारख्या खाऊन टाकतें, आणि मुलाच्या पोटांत मूठभर लोह गेलें तर तें जिवावर बेततें. आमच्या त्या अकरा पाकिटांत शंभरावर गोळ्या होत्या, त्याहि मुलाचा हात पुढेंमागें पोंचेल अशा फळीवर. आतां गोळ्या उंच कपाटांत, कुलपांत आहेत, आणि किल्ली सुनेपाशीं. जुनीं पाकिटें मुदत पाहून आशाताईंकडे परत दिलीं.

पहिल्या महिन्याअखेर हिमोग्लोबिन ९.७ झालें. महिन्याभरांत एकानेंहि वाढलें नसतें तर पुन्हां कारण शोधावें लागलें असतें, असें डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या महिन्यास ११.९ भरलें. बद्धकोष्ठ थोडें आहे. त्यावर रात्रीं भिजविलेल्या मनुका व पाणी भरपूर, एवढेंच चाललें आहे. गोळ्या अजून दोन महिने घ्यावयाच्या आहेत. परवां ती सूप घेऊन तांदूळ निवडीत बसली होती आणि मी समोर वाचीत होतों. सबंध सूप निवडून झालें तरी हात एकदांहि तोंडाकडे गेला नाहीं. कधींपासून सुटलें म्हणून विचारलें, तर तिलाहि आठवेना.